बालवर्गांत यंत्र हवें कीं सोबती?

बालशिक्षणाचा विषय निघाला कीं हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांत दोन तट पडतात. तरुण आईबापांस वाटतें कीं, ज्या बालवाडींत भिंतीवर मोठा पडदा आणि प्रत्येक मुलाच्या हातीं टॅब्लेट, ती पुढारलेली. आजी-आजोबांस वाटतें कीं, यंत्र जेथें शिरलें तेथें संस्कार संपले. दोन्ही पक्ष यंत्राकडे पाहून भांडतात. मुलाकडे पाहावयाचें राहून जातें. तीन ते सहा वर्षांचें मूल शिकतें कसें, हें आधीं ध्यानांत घेतलें तर या वादाचा निकाल पुष्कळ सोपा होईल, असें वाटतें. म्हणून त्याच बाजूनें हा प्रश्न येथें मांडावयाचा आहे.

डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांचा गुलाबी मनोरा, त्यांचीं खरखरीत अक्षरें हीं आपल्याकडील बालमंदिरांमुळें अनेकांच्या परिचयाचीं आहेत. पण त्यांच्या पद्धतींतील एक नियम सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वर्गांत तीस मुलें असलीं तरी प्रत्येक साधनाचा संच एकच ठेवावयाचा. हें काटकसरीसाठीं नव्हे. मनोरा दुसऱ्याच्या हातीं असेल तर थांबावें लागतें. थांबतांना तो कसा रचला जातो हें पाहणें होतें. आपलें काम झालें कीं साधन जागेवर ठेवून दुसऱ्यासाठीं मोकळें करावें लागतें. धीर, निरीक्षण आणि परस्परांचा विचार हे तीन पाठ त्या एका संचानें दिले जातात, आणि त्यासाठीं बाईंना उपदेशाचा एक शब्दही बोलावा लागत नाहीं. आतां प्रत्येक मुलाच्या हातीं स्वतंत्र टॅब्लेट दिला अशी कल्पना करावी. थांबावयाचें कारण उरत नाहीं, आणि शेजारीं कोण बसलें आहे हें पाहावयाचेंही उरत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग मुलांस घोळक्यानें बसवून एकच काम दिलें म्हणजे झालें. तेंही तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंतील मिल्ड्रेड पार्टेन या विदुषीनें बालवर्गांतील मुलांचा खेळ बारकाईनें पाहून १९३२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अगदीं लहान मूल एकटें खेळतें. पुढें तें दुसऱ्याच्या शेजारीं बसून आपलाच खेळ खेळतें. मग खेळणीं देऊं-घेऊं लागतें. आणि सर्वांत शेवटीं, एक हेतु मनांत धरून, कामें वांटून घेऊन, खऱ्या अर्थानें मिळून खेळतें. तीन वर्षांच्या चार मुलांस एकच कागद रंगवावयास दिला तर चार कोपऱ्यांत चार चित्रें निघतात, यांत मुलांचा दोष नाहीं. त्यांचें वयच तें आहे. परंतु पांच वर्षांचीं मुलें दिवाळींत मातीचा किल्ला करावयास बसलीं, तर एक माती मळतें, दुसरें पाणी आणतें, तिसरें अळीव पेरतें, आणि बुरूज कोठें असावा यावरून भांडणही जुंपतें. तें भांडण मिटवितांना मुलांच्या तोंडीं जी भाषा येते, ती कोणत्याही पुस्तकांतून शिकवितां यावयाची नाहीं.

भाषेचेंच उदाहरण पुढें नेऊं. सिएटल येथील प्राध्यापिका पॅट्रिशिया कूल यांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या अर्भकांबरोबर चिनी बोलणाऱ्या व्यक्ति बारा वेळां, दर वेळीं सुमारें पंचवीस मिनिटें, बसल्या. त्यांनीं पुस्तकें वाचून दाखविलीं, खेळणीं पुढें केलीं. तेवढ्यानें तीं अर्भकें चिनी भाषेंतील ध्वनींचा भेद ओळखूं लागलीं. दुसऱ्या कांहीं अर्भकांस तसलेंच बोलणें पडद्यावर दाखविलें. त्यांच्यावर परिणाम झाला नाहीं. पुढें २०१४ सालीं अमेरिकेंतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत दोन ते अडीच वर्षांचीं मुलें पाहिलीं गेलीं. नवीं क्रियापदें तीं आधीं घेऊन ठेवलेल्या चित्रफितीवरून शिकलीं नाहींत. परंतु व्हिडिओ कॉलवरील व्यक्ति त्यांच्या बोलण्याला त्याच क्षणीं उत्तर देत होती, तेव्हां शिकलीं. पडदा दोन्ही वेळां होताच. फरक एवढाच कीं, एका पडद्यावरून उत्तर येत होतें, दुसऱ्यावरून येत नव्हतें.

ज्यांचीं नातवंडें परदेशांत वाढत आहेत, त्या आजी-आजोबांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. रविवारीं कॉलवर नातवाशीं मराठींत बोलणें, त्यानें दाखविलेला दगड कोठें सांपडला असें विचारणें आणि उत्तराची वाट पाहणें, याला मोल आहे. उलट, त्यानें मुकाट्यानें जेवावें म्हणून पुढ्यांत गाणीं लावून ठेवलीं, तर घांस पोटांत जाईल. बोलणें मात्र राहून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असा सल्ला दिला आहे कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलांस पडद्यापुढें बसवूंच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसांतून एका तासाहून अधिक वेळ बसवूं नये. त्याहून कमी तर अधिक बरें. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां बालवर्गही मोबाईलवर भरले. त्या वेळीं दुसरा मार्ग नव्हता. परंतु पाय मोडला असतां घेतलेली काठी, पाय सांधल्यावरही सोडली नाहीं, तर पायांत बळ येणार कोठून?

मग बालवाडींत यंत्र नकोच काय? तसें नाहीं. जें यंत्र मुलांस एकमेकांकडे वळवितें तें खुशाल असावें. वर्गांत एकच साधा कॅमेरा आहे. चार मुलांनीं मिळून पारिजातकाच्या बुंध्याशीं चाललेली मुंग्यांची रांग टिपली. चित्र मोठें करून 'हिच्या तोंडांत काय आहे' यावर वाद घातला. आणि पुन्हा अंगणांत जाऊन खात्री करून घेतली. असा कॅमेरा माँटेसरीबाईंच्या मनोऱ्याच्या पंक्तीस बसविण्यास हरकत नाहीं. तसेंच, घरोघरच्या आजींनीं सांगितलेली एकेक गोष्ट मुद्रित करून वर्गांत सर्वांनीं मिळून ऐकावी, आणि मग यंत्र बंद करून तिचें नाटक करावें.

या दुसऱ्या उदाहरणांत घराचा संबंध आला, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हल्लीं शाळेकडून आईबापांच्या मोबाईलवर रोज छायाचित्रें येतात. मुलानें डबा खाल्ला, रंग दिला, नाच केला, हें पाहून समाधान होतें. परंतु आलेल्या छायाचित्राखालीं अंगठा उमटविला म्हणजे पालकांचा सहभाग झाला, असें नव्हे. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यानंतर १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें; अनुताई वाघ यांची त्यांस साथ मिळाली. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली; शिंपले, बिया, पानें आणि माती हींच साधनें केलीं. अंगणांत भरणारी शाळा आईला दारांतून दिसते, आणि तिला ती परकी वाटत नाहीं. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हां तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें.

शहरांतील शाळा अंगणांत येऊं शकत नाहीं, पण घर शाळेंत जाऊं शकतें. ज्या कुटुंबांत चार वडील माणसें आहेत, त्यांस तर हें सहज शक्य आहे. महिन्यांतून एक सकाळ आजोबांनीं वर्गास द्यावी. आजीनें कणकेच्या गोळ्यांवर मोदकाच्या कळ्या कशा पाडतात तें मुलांच्या हातून करवून घ्यावें. काकांनीं सायकल उलटी करून साखळीनें चाक कसें फिरतें तें दाखवावें. आईबापांनींही वर्षांतून एखादी रजा यासाठीं राखून ठेवावी. शाळांनींही पालकांस दारापर्यंतच न ठेवतां आंत बोलवावें.

प्रवेशाच्या दिवसांत शाळा पाहावयास जाल, तेव्हां तेथें किती पडदे आहेत याची चौकशी करूं नये. येथें मुलांस एकमेकांसाठीं थांबावें लागतें काय, यंत्र बंद केल्यावर मुलें काय करतात, आणि घरचें माणूस वर्गांत येऊन बसूं शकतें काय, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर शाळा निःशंक निवडावी. आणि घरीं परतल्यावर तेच तीन प्रश्न आपल्या माजघरासही विचारावे, एवढीच विनंती.