डोळ्यांतून पाणी गळतं, तरी डोळे कोरडे कसे?

गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, बगॅसच्या ढिगावरचे कामगार आणि वजनकाट्यावर संगणकापुढे बसणारी मंडळी यांची एकच तक्रार आमच्या कानी येते. डोळ्यांत खडा गेल्यासारखं होतं, आग होते, पाणी गळतं. त्यावर डॉक्टरांनी “तुमचे डोळे कोरडे पडलेत” असे सांगितले, की माणूस चक्रावतो. पाणी तर वाहतंय!

बुबुळावर अश्रूंचा पातळ थर सदैव पसरलेला असतो. पाण्यावर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते. त्या तुंबल्या की पाणी उडून जाते. सरीत पाचट नसले की ओल लवकर उडते, तसेच म्हणा ना. मग डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीने एकदम पाणी सुटते, पण ते डोळ्यावर टिकत नाही.

वारा, धूळ आणि चुलीचा धूर आपल्या ओळखीचे आहेत. त्याशिवाय वाढते वय, स्त्रियांची पाळी थांबणे, मधुमेह, काही प्रकारचा संधिवात, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही डोळे कोरडे पडतात. एरवी मिनिटाला १५ च्या आसपास वेळा मिटणारी पापणी मोबाईलकडे टक लावल्यावर निम्म्यानेही मिटत नाही. लहान मुलाला संध्याकाळी दिसेनासे झाले, तर मात्र ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

आम्हाला खरी काळजी वाटते ती थेंबांच्या बाटलीची. दुकानात जायचं, “डोळे लाल झालेत, काहीतरी द्या” म्हणायचं, आणि तीच बाटली घरभर फिरवायची! अशा काही थेंबांत स्टेरॉईड असते. दोन दिवसांत बरे वाटते, पण महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. मध, एरंडेलही डोळ्यांत घालू नये. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेकाव्यात, वाऱ्यात चष्मा लावावा, आणि थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

उसाचं पान डोळ्याला लागून डोळा दुखत असेल, तर तो कोरडेपणा समजू नका. त्या जखमेत बुरशी धरते आणि बुबुळावर फूल पडते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, तोडणी राहिली तरी चालेल.