पिकअपला इथेनॉल पाजण्यापूर्वी हिशेब मांडा

धरमपेठेत सकाळी दहाच्या सुमारास कॉफी हाऊस चौकात उभे राहिले, की मालाच्या छोट्या गाड्यांची ये-जा नजरेत भरते. कुणाचा किराणा, कुणाचे फर्निचर, तर आमच्यासारख्यांच्या गांधीबागेहून येणाऱ्या कापडाच्या गाठी. गाडी दोन दिवस बंद पडली की फडताळे रिकामी होतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढते. म्हणून गाडीच्या इंधनाचा प्रश्न हा आम्हा व्यापाऱ्यांच्या रोजीरोटीचाच प्रश्न आहे.

मध्यंतरी एक विक्रेता दुकानात आला. हातात लहानशी डबी. ती इंजिनाला जोडली की पिकअप कोणत्याही प्रमाणातल्या इथेनॉलवर धावेल आणि खर्च निम्म्यावर येईल, असे त्याचे म्हणणे. किंमत बारा हजार रुपये. पुतण्या म्हणाला, "चाचा, दोन्ही गाड्यांना बसवून टाकू." आम्ही म्हटले, कापड घेताना आपण ताग्याचा पोत पाहतो, मीटर लावून मोजतो, मग इथे नुसत्या बोलण्यावर पैसे का टाकायचे? आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि चौकशीला लागलो. त्यातून जे कळले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

डिझेलची पिकअप : विषय इथेच संपतो

आमची मोठी पिकअप डिझेलची आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इथेनॉल असे सहजी पेटत नाही.

याचा दाखला आपल्या नागपुरातच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी स्कॅनिया कंपनीची हिरवी बस आपल्या शहरात प्रथम धावली. पुढे महापालिकेच्या सेवेत अशा अनेक बसगाड्या आल्या. डिझेलच्याच जातीच्या या इंजिनात हवा २८ पट दाबली जाई. सामान्य डिझेल इंजिनात हे प्रमाण १६ ते १८ च्या आसपास असते. शिवाय इथेनॉलमध्ये ते पेटावे म्हणून खास द्रव्य मिसळावे लागे. म्हणजे इंजिनही वेगळे आणि इंधनही वेगळे. आर्थिक व्यवहारावरून मतभेद झाले आणि २०१८ मध्ये ती सेवा थांबली. सांगायचे एवढेच, की जे काम मुळापासून वेगळे इंजिन घडवून करावे लागले, ते बारा हजारांच्या डबीने होणार नाही.

पेट्रोलची गाडी : होते, पण अटी आहेत

आमचा 'छोटा हत्ती' पेट्रोलचा आहे. अशा इंजिनात इथेनॉल जळते, यात शंका नाही. मात्र एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन बरेच जास्त सोडावे लागते. डबी हेच करते : इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवते. पण इंजेक्टर आणि पंप यांची ताकदच कमी असली तर चढावर, भरल्या गाडीत इंधन अपुरे पडते आणि इंजिन तापते. टाकीत आज किती टक्के इथेनॉल आहे हे ओळखणारी सोय स्वस्त डबीत नसेल, तर ती अंदाजानेच काम करते. कारखान्यातून येणाऱ्या फ्लेक्स फ्युएल गाडीत ही ओळख, इंजेक्टर, पंप आणि रबरी नळ्या सगळे त्याच हिशेबाने बनवलेले असते.

नळ्यांचे महत्त्व आम्हाला अनुभवाने कळले. वसुलीची आमची जुनी कार्ब्युरेटरची स्कूटर गेल्या पावसाळ्यात दोन महिने उभी होती. सुरू होईना. मिस्त्रीने टाकी उघडली तर तळाशी पाणी, आणि रबरी नळी फुगलेली. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आहे. तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांनी डबीआधी नळ्या व फिल्टर तपासावेत आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नये.

खरा हिशेब

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या विकल्या जातात. तिथला गाडीवाला पंपावर साधा नियम लावतो : इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचे.

हा नियम आपल्याकडे लावून पाहू. पेट्रोल १०० रुपये धरले तर इथेनॉल ७० रुपयांच्या आत हवे. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांचा कारखान्यावरचा खरेदी भाव सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, तर मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये होता. यावर जीएसटी, वाहतूक आणि पंपाचे कमिशन वेगळे. मक्याचे इथेनॉल तर कारखान्याच्या दारातच मर्यादा ओलांडते! निम्म्या खर्चाची गोष्ट मग कुठून आली? शिवाय हे इंधन मिळायलाही हवे. मार्च २०२४ मध्ये 'इथेनॉल १००' बाजारात आले ते पाच राज्यांतील १८३ पंपांवर. आपल्या रोजच्या वाटेवर पंप नसेल तर डबी नुसती शोभेची.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचे इंधन बदलणारा फेरबदल विहित अटी पाळूनच करता येतो. तेव्हा किट आपल्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर आहे काय, याचा कागद मागावा. आरटीओत नोंद करून आरसी बुक बदलून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नोंद नसलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. गाडी वॉरंटीत असेल तर तीही धोक्यात येते.

आठव्या दिवशी विक्रेता आला. आम्ही मंजुरीचा कागद मागितला. "उद्या आणतो," म्हणून गेला, तो अद्याप परतलेला नाही.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. आपल्या शेतातला ऊस आणि मका गाडी चालवत असेल, परदेशी तेलाचा पैसा वाचत असेल, तर त्यात सर्वांचेच भले आहे. नवी गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा कारखान्यातून आलेली, कागदपत्रांसह फ्लेक्स गाडी मिळाली आणि ७० टक्क्यांचा हिशेब जुळला, तर आम्ही ती जरूर घेऊ. तोवर ते बारा हजार नळ्या, फिल्टर आणि टायरवर खर्च करणे शहाणपणाचे. धंद्यात बरकत स्वस्ताईच्या गोष्टींनी येत नाही, मोजून घेतलेल्या मालाने येते.