तेलाचा बुधला आणि जगाचा बाजार

फोडणीसाठीं तेलाचा बुधला हातीं घेणाऱ्या गृहिणीस त्यांतील तेल कोणत्या देशाचें, हा प्रश्न सहसा पडत नाहीं. परंतु आज भारतास लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ही स्थिति अटळ नव्हती. १९८६ सालीं सरकारनें तेलबियांची मोहीम हातीं घेतली आणि पुढील दशकाच्या आरंभीं देश या बाबतींत जवळजवळ स्वावलंबी झाला. १९९४ सालीं पामोलीनच्या आयातीस मुक्तद्वार मिळालें. पुढें कांहीं वर्षें जकातही उतरत गेली. स्वस्त परकीय तेलापुढें आपला भुईमूग आणि करडई मागें पडलीं.

जागतिक व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणतात, जेथें स्वस्त तेथें घ्यावें. पण २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि सूर्यफुलाच्या तेलाची वाट अडली. २८ एप्रिल रोजीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात थांबविली. ती २३ मे रोजीं पुन्हा सुरू झाली. नवल हें कीं, पामतेलाच्या उत्पादनांत जगांत अग्रेसर असलेल्या त्या देशांतच बंदीपूर्वीं गृहिणी तेलासाठीं रांगेंत उभ्या होत्या. आणि निर्यात थांबतांच तेथील लहान बागवानांच्या पामफळांचा भाव कोसळला. म्हणजे विकणारा आणि घेणारा, दोघेही पराधीन!

व्यापार निषिद्ध नव्हे. परंतु एका आज्ञेनें बंदर बंद होतें. मोडलेला घाणा आणि सोडलेलें पीक मात्र एका आज्ञेनें परत येत नाहीं. म्हणून शेतकऱ्याच्या तेलबियांस रास्त भाव मिळतो कीं नाहीं, याची चौकशी आपल्या स्वयंपाकघरानेंही करावी.