गाणं बसवण्याआधी कान घडवूया

बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या 2009च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. कोणत्या शाळेत किती शिक्षक हवेत, हे त्यात सांगितलं आहे. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद तिथं आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक, एवढाच हिशेब. म्हणजे भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवणारे गुरुजी किंवा बाई यांनीच मुलांना गाणंही शिकवायचं आहे.

‘आम्हाला कुठे गाता येतं?’ हा त्यावरचा नेहमीचा प्रश्न. मग वेळापत्रकातला तास गणिताकडे जातो आणि संगीत उरतं स्नेहसंमेलनापुरतं. बऱ्या गळ्याची दहा-पंधरा मुलं निवडली जातात, त्यांच्याकडून एक गाणं बसवून घेतलं जातं, बाकीची मुलं समोर बसतात. ज्या मुलांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते, तीच गाण्याबाहेर राहतात. हे बदलता येतं आणि त्यासाठी शिक्षकानं गवई असण्याची गरज नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत: नीट ऐकणं, लय धरणं, आवाज मोकळा करणं आणि सगळ्यांबरोबर एका सुरात गाणं.

सुरुवात ऐकण्यापासून

तासाची पहिली दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि कानावर येणारे आवाज मोजायचे. पिठाची गिरणी, हातपंप, साळुंकी, रस्त्यावरून गेलेली एसटी. मग विचारायचं: यातला कोणता आवाज उंच होता, कोणता खालचा? कोणता सलग होता, कोणता तुटक? पहिलीतलं मूलही याची उत्तरं देतं. संगीतातले स्वर, लय आणि नाद हे पुढे याच प्रश्नांतून समजतात.

पुढच्या पायरीला आठवड्याला एक वाद्य घ्यावं. सोमवारी बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईचा दोन मिनिटांचा तुकडा मोबाइलवर ऐकवायचा आणि तोच तुकडा आठवडाभर रोज वाजवायचा. शनिवारी मुलं तो गुणगुणतात. रोज नवं ऐकवण्यापेक्षा तेच पुन्हा ऐकवण्यानं कान तयार होतो.

लय आधी पायात

टाळ्या वाजवायला लावण्याआधी मुलांना गोलात चालवावं. एक पाऊल म्हणजे एक मात्रा. पावलं सारखी पडू लागली की चालता चालता प्रत्येकानं आपलं नाव टाळीत वाजवायचं: ‘मीरा’ म्हणताना दोन टाळ्या, ‘वैष्णवी’ म्हणताना तीन. पाय लय धरतात आणि हात शब्द वाजवतात. लय आणि शब्दांची वाटणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला व्याख्येशिवाय कळतं.

नंतर दादरा आणि केरवा. दादऱ्याच्या सहा मात्रा, पहिलीवर टाळी आणि चौथीवर खाली. केरव्याच्या आठ, पहिलीवर टाळी आणि पाचवीवर खाली. तबला नसला तरी अडत नाही. आपल्याकडे ताल आधी तोंडानं म्हणतात आणि मग हातानं वाजवतात. ‘धा धी ना, धा ती ना’ हे बोल मुलांना बडबडगीतासारखे आवडतात. अर्ध्या वर्गानं बोल म्हणावेत, अर्ध्यानं टाळी-खाली दाखवावी, मग अदलाबदल करावी.

चौथी-पाचवीला पाढ्यांचा उपयोग होतो. पाय ठेका धरून राहतो आणि पाढा एकदा सावकाश, एकदा दुप्पट वेगानं म्हणायचा. मुलं बहुधा पायही पळवतात. पाय तसाच ठेवून जिभेनं दुप्पट जायला जमलं की दुगुन जमली. लयकारीचा हा पहिला धडा, आणि पाढाही पक्का होतो.

सूर शिकवायला हजेरी पुरते

मूल एकटं गायला लाजतं. त्यावर सोपा मार्ग म्हणजे हजेरी गाऊन घेणं. प आणि ग या दोन उतरत्या स्वरांत शिक्षकानं नाव गायचं आणि मुलानं त्याच स्वरांत ‘हजर’ म्हणायचं. रोज प्रत्येक मूल एकदा एकटं गातं, आणि मंच नसल्यानं भीतीही नसते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पद्धतीत लहान मुलांचं गाणं याच उतरत्या अंतरापासून सुरू होतं. त्यांच्या प्रेरणेनं 1950 साली केचकेमेत गावात गायनाला रोज स्थान देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथं प्रत्येक स्वराला हाताची खूण असते. आपल्या वर्गात अंगावरच स्वर दाखवावेत: सा कमरेवर, रे पोटावर, ग छातीवर, प खांद्यावर, ध कानापाशी, वरचा सा डोक्यावर.

हे स्वर भूपाचे आहेत. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन स्वरांतलं अगदी बारीक अंतर त्यात येत नाही. मुलं नेमकी त्या बारीक अंतराशी घसरतात. म्हणून पहिलं वर्ष भूपाच्या पाच स्वरांतच खेळावं. फरशीवर खडूनं पाच चौकोन आखायचे, एकानं उडी मारायची आणि वर्गानं तो स्वर गायचा. उडी मारणारं मूल आपोआप संगीतकार होतं, कारण चाल तेच ठरवत असतं.

स्वरासाठी मोबाइलवरचा तंबोरा पुरतो. पेटी असेल तर सूर देण्यापुरती वाजवावी. पूर्ण गाणंभर पेटी वाजली की मुलांना स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकूच येत नाही. गुरुजींनी आणखी एक काळजी घ्यावी. पुरुषाचा आवाज खालचा असतो, मुलं तो धरायला खाली जातात आणि घोगरी होतात. अशा वेळी पाचवीतल्या एखाद्या मुलीला पहिली ओळ गायला सांगावी, लहानांना तिचा सूर सहज धरता येतो.

परिपाठातलं राष्ट्रगीत हाही संगीताचा रोजचा पाठ आहे. पूर्ण गायनाला 52 सेकंद लागतात. सुरुवात फार वर झाली तर शेवटी चढताना मुलं ओरडू लागतात. सुरू करणाऱ्यानं आधी सूर घ्यावा, सर्वांनी तो ओठ मिटून धरावा आणि मगच गीत सुरू करावं. एवढ्यानं आठवडाभरात फरक ऐकू येतो.

‘बेसूर’ हा शिक्का नको

वर्गात काही मुलं एकाच पट्टीत बोलल्यासारखी गातात. त्यांना ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं आणि कित्येकांचं गाणं तिथंच कायमचं थांबतं. अशा मुलांना कान नसतो असं नाही. बहुतेकांना बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज वेगळा असतो हेच उमगलेलं नसतं. त्यांना कोकिळेची साद, रुग्णवाहिकेचा भोंगा, मांजराचं म्याव असे चढउताराचे आवाज काढायला लावावेत. मग शिक्षकानं मुलाचा सूर धरायचा. मूल ज्या सुरात आहे तिथं आपण जायचं आणि हात धरून एकेक स्वर वर न्यायचं. दोन सूर जुळल्याचा आनंद मुलाला एकदा मिळाला की ते स्वतःच तो शोधू लागतं.

गावातलं गाणं वर्गात

शिकवण्याची एक उत्तम रीत आपल्या भजनात आहे: पुढचा ओळ म्हणतो, टाळकरी ती उचलतात. नवं गाणं असंच शिकवावं. आधी पूर्ण ऐकवावं, मग एकेक ओळ. फळ्यावर शब्द शेवटी लिहावेत, नाहीतर मुलं वाचतात, ऐकत नाहीत.

आश्विनात भोंडल्याची गाणी, श्रावणात झिम्मा-फुगडी, आषाढात टाळ घेऊन पावली. जात्यावरच्या ओव्या आजीकडून ऐकून याव्यात आणि वर्गात गाव्यात. खानदेशात अहिराणी, पालघरच्या पाड्यांवर वारली, गडचिरोलीत गोंडी गाणी मुलांच्या घरात आहेत. घरच्या भाषेतलं गाणं शाळेत गायला मिळालं की अबोल मूलही पुढे येतं. एखाद्या तारपावादकाला, शाहिराला किंवा भजनी मंडळाला महिन्यातून एकदा वर्गात बोलवावं. त्यासाठी निमंत्रण लागतं, निधी लागत नाही.

वाद्यंही घडवता येतात. सारख्या आकाराच्या काचेच्या पेल्यांत कमी-जास्त पाणी भरून चमच्यानं हलकेच वाजवलं की जलतरंग तयार होतो. पाणी वाढलं की सूर खाली जातो. बाटलीच्या तोंडावर फुंकलं तर मात्र पाणी वाढल्यावर सूर वर चढतो. पहिल्यात पेला थरथरतो, दुसऱ्यात बाटलीतली हवा. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा, परिसर अभ्यासाचा तासही त्यात होऊन जातो.

नोंद काय करायची?

कलेच्या रकान्यात ‘गाणी आवडीने गातो’ एवढीच वर्णनात्मक नोंद वर्षानुवर्षं होते. त्याऐवजी दिसेल ते लिहावं: चालीच्या ठेक्यावर टाळी टिकवते, दोन स्वरांतला उंच ओळखतो, पाच स्वरांची स्वतःची चाल रचते, दुसऱ्याचं गाणं शांतपणे ऐकतो. अशा नोंदींतून पालकांनाही प्रगती कळते, आणि पुढच्या महिन्यात काय घ्यायचं हे शिक्षकालाही.

आठवड्याच्या एका लांब तासापेक्षा रोजची पंधरा मिनिटं गुणकारी ठरतात. मुख्याध्यापकांनी ती वेळापत्रकात राखावीत आणि स्नेहसंमेलनात पूर्ण वर्गाला गाऊ द्यावं. पालकांनी ‘बक्षीस मिळालं का?’ असं विचारण्याऐवजी ‘आज काय गायलात, आम्हालाही शिकव’ असं म्हणावं. आणि शिक्षकांनो, उद्या सोमवार आहे. हजेरी गाऊन घ्या.