चित्र कोणाच्या मालकीचे?



उर्दूत आपण 'असल' आणि 'नक़ल' म्हणतो. मराठीत तेच शब्द 'अस्सल' आणि 'नक्कल' होतात. उर्दूतील 'हक़' मराठीत 'हक्क' होतो आणि 'तस्वीर'ची 'तसबीर' होते. 'इजाज़त' या अर्थाने मराठीत 'परवानगी' म्हणतात. तो शब्दही फारसीतूनच आलेला आहे. आपण ज्याला 'इश्तिहार' म्हणतो, ती मराठीतील 'जाहिरात' आपल्या 'ज़ाहिर' या शब्दाच्या नात्यातली आहे. या पाठात हे शब्द तुम्हांला पुन्हा पुन्हा भेटतील. शब्द ओळखीचे आहेत. त्यांच्यामागचा विचार मात्र नीट समजून घ्यायला हवा. त्यासाठी आधी एक हकीकत ऐका.

पनवेलमध्ये माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याची अम्मी कैरीचे लोणचे फार चवदार घालते. उन्हाळ्यात घरी कोकमेही वाळवतात. शेजारीपाजारी हा माल पूर्वीपासून विकत नेत. मुलगा महाविद्यालयात गेला, तेव्हा त्याला वाटले, 'अम्मीचा माल इंटरनेटवर का विकू नये?' त्याने मोबाईलवरूनच एक छोटी वेबसाइट तयार केली. वस्तूंची नावे लिहिली, किंमती लिहिल्या. आता हवे होते चित्र. त्याने इंटरनेटवर 'लोणचे' असा शब्द टाकून शोध घेतला. शेकडो चित्रे समोर आली. त्यांतले एक त्याला फार आवडले. काचेची चकचकीत बरणी, वर तेलाचा तवंग, शेजारी हिरव्यागार कैऱ्या! त्याने ते चित्र उतरवून घेतले आणि आपल्या वेबसाइटवर लावले.

चार-पाच महिन्यांनी त्याला एक पत्र आले. ते चित्र दुसऱ्या शहरातील एका छायाचित्रकाराने काढलेले होते. पत्रात लिहिले होते, 'माझे छायाचित्र आपण माझ्या परवानगीवाचून धंद्यासाठी वापरले आहे. ते ताबडतोब काढा आणि वापराचा मोबदला द्या.' मागितलेली रक्कम त्या घराच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. मुलगा पत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "सर, चित्र तर सगळ्या जगाला दिसत होते. त्यावर कुलूप नव्हते, कोणाचे नावही नव्हते. मग मी चोरी कुठे केली?"

मुलांनो, त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्याने खरोखरच जाणूनबुजून काही केले नव्हते. पण उत्तर शोधताना एक साधी गोष्ट लक्षात घ्या. रस्त्याच्या कडेला उभी केलेली सायकल येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसते. म्हणून ती सर्वांची होते का? दिसणे वेगळे आणि मालकी वेगळी. चित्राचेही तसेच आहे.

एक चांगले छायाचित्र काढायला काय लागते, याचा विचार करा. कॅमेरा लागतो, उजेडाची जाण लागते, वस्तू कशी मांडावी याची नजर लागते. कधी एका चित्रासाठी सारी दुपार जाते. ही मेहनत डोळ्यांना दिसत नाही. फक्त चित्र दिसते. म्हणून ते फुकट वाटते. ज्याने मेहनत केली, त्याचा त्या चित्रावर हक्क असतो. या हक्काला 'स्वामित्व हक्क' किंवा रोजच्या बोलण्यात 'कॉपीराइट' म्हणतात.

आपल्या देशात यासाठी १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या कायद्यात रंगचित्र, रेखाचित्र, शिल्प आणि छायाचित्र या सर्वांना कलाकृती मानले आहे. चित्र फार सुंदरच असले पाहिजे, अशी अट नाही. तुमच्या मोबाईलवर तुम्ही काढलेला साधा फोटोही त्यात येतो. शिवाय हा हक्क मिळवण्यासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. नोंदणीची सोय आहे, पण सक्ती नाही. चित्र तयार झाले, की हक्क आपोआप निर्माण होतो. चित्रावर नाव किंवा खूण नाही, म्हणून ते बेवारस ठरत नाही.

परदेशातील चित्रांचे काय? १८८६ साली बर्न या शहरात अनेक देशांनी मिळून एक करार केला. एका देशातील लेखक-कलावंतांच्या हक्कांना दुसऱ्या देशांनीही संरक्षण द्यावे, असे त्यात ठरले. भारत या करारात आहे. म्हणून परदेशातील छायाचित्रकाराचे चित्रही आपल्याला विचारल्यावाचून घेता येत नाही.

मग मालक कोण? सहसा ज्याने छायाचित्र काढले तो. पण छायाचित्रकार एखाद्या कंपनीत नोकरीला असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने चित्र काढले असेल, तर मालकी कंपनीची असते. तुम्ही पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क तुमचा असतो. म्हणून एखादा दुकानदार अस्सल कंपनीचाच पंखा विकत असला, तरी त्या कंपनीने काढलेले पंख्याचे चित्र त्याने विचारूनच वापरावे. पंखा विकत घेतला म्हणजे चित्रही विकत घेतले, असे होत नाही.

हा हक्क कायमचा नसतो. आपल्या कायद्यात तो कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ साली ती ६० करण्यात आली. छायाचित्रांसाठी मुदत मोजण्याची रीत वेगळी होती. २०१२ साली कायदा बदलला आणि छायाचित्रांनाही हाच नियम लागू झाला.

याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पनवेलहून बोरघाट चढून गेलात, की लोणावळ्याच्या पुढे मळवली लागते. प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत एक छापखाना काढला होता. पुढे तो मळवलीला हलवला. तेथे त्यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती निघत आणि त्या घराघरांत भिंतींवर लागत. या चित्रांचा उपयोग दिनदर्शिकांत आणि मालाच्या जाहिरातींतही होऊ लागला. चित्र लावले, की माल खपतो, हे व्यापाऱ्यांना तेव्हाच समजले होते. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. आज ती चित्रे सर्वांची आहेत. पण काल-परवा कोणी काढलेल्या फोटोची गोष्ट तशी नाही.

परवानगीवाचून चित्र वापरले, तर काय होते? हक्काचा मालक न्यायालयात जाऊन वापर थांबवण्याचा हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकतो. तो स्वतः जेथे राहतो किंवा धंदा करतो, तेथील जिल्हा न्यायालयात त्याला दावा लावता येतो. म्हणजे पनवेलच्या दुकानदाराला दूरच्या गावी तारखांना जावे लागेल! जाणूनबुजून हक्कभंग केल्यास गुन्हाही होतो. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे.

मोठमोठ्या जाहिरातींनाही हा नियम लागू आहे. अमिताभ बच्चन आणि जया बच्चन यांची दागिन्यांची एक जाहिरात 'तनिष्क'साठी तयार झाली होती. तिचे हक्क करार करून टायटन कंपनीने घेतले होते. एका सराफाने त्याच जाहिरातीतले छायाचित्र आपल्या फलकावर लावले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०१२ साली न्यायालयाने निकाल दिला, की हा हक्कभंग आहे. या निकालात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, चित्रावर कंपनीचा हक्क होता. दुसरी, प्रसिद्ध माणसाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून धंद्यासाठी वापरता येत नाही.

आणि जो माणूस प्रसिद्ध नाही, त्याचे काय? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका खेड्यातल्या महिलेची तक्रार आली. तिच्या ओळखीतल्या एका छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला होता. तो फोटो 'शटरस्टॉक' या चित्रे पुरवणाऱ्या वेबसाइटवर गेला. तेथून तो महाराष्ट्रासह काही राज्य सरकारांच्या योजनांच्या जाहिरातींत झळकला, अशी तिची तक्रार होती. तिला कोणी विचारले नव्हते. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने ही बाब गंभीर मानली आणि संबंधितांकडून उत्तर मागवले. मुलांनो, येथे थोडे थांबा. फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो, तसाच फोटोत असलेल्या माणसाचाही आपल्या चेहऱ्यावर हक्क असतो. जाहिरातीसाठी फोटो घेताना दोघांनाही विचारले पाहिजे.

आता लोक ज्या सबबी सांगतात, त्या पाहू. कोणी म्हणतो, 'मी चित्राचा कोपरा कापला, रंग बदलला.' त्याने चित्र आपले होत नाही. कोणी चित्राखाली 'सौजन्य : गुगल' असे लिहितो. गुगल फक्त चित्र कोठे आहे ते दाखवते; ते त्याचे मालक नाही. नाव लिहिणे हा चांगला शिष्टाचार आहे, पण नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. काहीजण चित्रावरचे मालकाचे नावच पुसून टाकतात. ही तर आणखी वाईट गोष्ट! २०१२ च्या बदलानंतर असे नाव मुद्दाम पुसणे हा वेगळा गुन्हा ठरला आहे.

मग तुम्ही शाळेच्या प्रकल्पात चित्रे चिकटवता, ते चूक आहे का? नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी कायद्याने सवलत दिली आहे. पण तेच चित्र छापून तुम्ही वह्यांच्या कव्हरांवर विकू लागलात, तर ती सवलत राहत नाही. अभ्यास आणि व्यापार यांतला हा फरक ध्यानात ठेवा.

दुकानासाठी चित्र हवे असेल, तर चांगले मार्ग पुष्कळ आहेत. मालकाला पत्र लिहून परवानगी मागावी आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. चित्रे विकणाऱ्या वेबसाइटवरून ठरलेली किंमत देऊन चित्र घ्यावे. काही कलावंत 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या परवान्याखाली आपली चित्रे सर्वांना वापरू देतात. मात्र तेथेही अटी वाचाव्यात. काही चित्रांना फक्त नाव द्यावे लागते, तर काही चित्रे धंद्यासाठी वापरायला मनाई असते. 'मोफत' या शब्दाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे स्वतःच्या मालाचा फोटो स्वतः काढणे. याचा आणखी एक फायदा आहे. दुसऱ्याच्या बरणीचे चित्र दाखवून आपले लोणचे पाठवले, तर गिऱ्हाईक म्हणेल, 'दाखवले एक आणि दिले दुसरेच!' ऑनलाइन विक्रीसाठी सरकारने २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम केले. जाहिरात प्रत्यक्ष मालाच्या गुणांशी जुळली पाहिजे, असे त्यांत विक्रेत्याला बजावले आहे. अस्सल मालाचे चित्रही अस्सलच हवे.

आता माझ्या विद्यार्थ्याची हकीकत पुरी करतो. त्याने चित्र त्याच दिवशी काढून टाकले. छायाचित्रकाराला खरे काय ते लिहिले आणि माफी मागितली. त्या भल्या माणसाने रक्कम निम्मी केली. ती त्याने तीन हप्त्यांत फेडली. मग एका सकाळी त्याने अम्मीची बरणी खिडकीशी ठेवली, मागे पांढरी चादर लावली आणि मोबाईलने फोटो काढले. पहिले वीस-पंचवीस बिघडले. एक छान आला. बरणीच्या झाकणावर अम्मीने बांधलेले फडकेही त्यात दिसत होते.

वर्षभराने तो पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी तो रागावलेला होता. तोच फडक्याचा फोटो दुसऱ्या कोणीतरी उचलून आपल्या मालाला लावला होता! मी त्याला सांगितले, की अशा वेळी वेबसाइट चालवणाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. योग्य तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत ते चित्र लोकांना दिसणे थांबवावे, असा नियम आहे. पुढे २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर ते पुन्हा दाखवता येते. त्याने मूळ फोटो पुरावा म्हणून जोडला आणि तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी चित्र निघाले.

जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "सर, त्या छायाचित्रकाराला तेव्हा कसे वाटले असेल, ते मला आज कळले."

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या दुकान चालवील, कोणी चित्रे काढील, कोणी जाहिराती तयार करील. चित्र उचलण्यासाठी बोट पुढे होईल, तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, 'हे कोणाचे आहे? मी त्याला विचारले आहे का?' परवानगी मागायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी लिहायला लाजू नका.