पदकाच्या कडेवरचं नाव

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पण जे परत आले, त्यांचं काय? त्यांची आठवण घरातल्या ट्रंकेत पडून राहते आणि एक दिवस भंगारात जाते.

म्हणून सांगतो, आजोबा-पणजोबांचं पदक सापडलं तर आधी त्याची कड बघा. बऱ्याचदा तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. फोटो काढा, झूम करून वाचा. चिंच लावून घासू नका हं, अक्षरं झिजतात.

मग आजीजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, "रजेवर घरी आले की काय सांगायचे गं?" हे कुठल्याच कागदावर सापडणार नाही.