दिसण्यावरून नाव, जनुकांवरून नाते (तपकिरी शैवाले : भाग ४)
गेल्या आठवड्यात तपकिरी शैवालांना त्यांचा रंग देणाऱ्या फ्युकोझँथिनची ओळख झाली. रंगावरून गट कळतो. प्रजाती ओळखायची तर मात्र भल्याभल्यांची भंबेरी उडते, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे मॅक्रोसिस्टिस हे महाकाय केल्प.

कॅलिफोर्निया, चिली, न्यूझीलंड अशा थंड समुद्रांत वाढणारे हे शैवाल तीस मीटरच्याही पुढे जाते. अनुकूल दिवसांत ते दिवसाला अर्धा मीटर वाढू शकते. प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा फुगा असतो, त्यामुळे पाती उजेडाकडे तरंगत राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आगार्ड यांनी १८२० मध्ये मॅक्रोसिस्टिस हे नाव दिले. पुढे पात्याची रुंदी आणि फुग्याचा आकार पाहून इतकी नावे पडत गेली की १८४७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी ती गोळा करून एकाच प्रजातीत घातली. हूकर यांच्याकडे ना डीएनए होता, ना पाण्याखाली जायची सोय. हाती होते ते गोळा केलेले नमुने, आणि एकाच झाडावर दोन तऱ्हेची पाती दिसू शकतात हे हेरणारी नजर.

विसाव्या शतकात वाटण्या पुन्हा झाल्या. या वेळी लक्ष गेले होल्डफास्टकडे, म्हणजे शैवालाची खडकावरची पकड जिथे असते त्या भागाकडे. खोल पाण्यात तो शंकूसारखा उंच, उथळ पाण्यात खडकावर आडवा पसरलेला, तर काही ठिकाणी ढिगासारखा फुगलेला. अशा तीन प्रजाती झाल्या. प्रिन्स एडवर्ड बेटांजवळची गुळगुळीत पात्यांची चौथी.

प्रयोगशाळेत मात्र वेगवेगळ्या आकारांच्या शैवालांचा संकर सहज होत होता. २००१ मध्ये आयटीएस या डीएनए-तुकड्याची तुलना झाली, तेव्हा आकारावरून पाडलेले चार गट जनुकांत सापडलेच नाहीत. २००९ मध्ये चौघांची पुन्हा एकच मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा झाली. लाट, खोली, उजेड यांनुसार एकच प्रजाती आपले रूप बदलते, हा त्यामागचा युक्तिवाद. तरी प्रकरण मिटलेले नाही. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर आडव्या होल्डफास्टचे शैवाल खरोखरच वेगळे असावे, असे संपूर्ण जीनोमच्या अलीकडच्या अभ्यासांतून दिसू लागले आहे. म्हणजे ज्या खुणेला आपण फसवी ठरवले, तिच्यात थोडे तथ्य होतेच.

लोबोफोराची गोष्ट नेमकी उलटी. पंख्यासारखे पसरट हे शैवाल उष्ण समुद्रांत जिथे तिथे आढळते, आणि बराच काळ त्याला सरसकट लोबोफोरा व्हेरिएगाटा म्हटले जाई. न्यू कॅलेडोनियातल्या नमुन्यांचे जनुक तपासल्यावर २०१४ मध्ये तिथल्या दहा नव्या प्रजातींना नावे मिळाली. गट पाडले जनुकांनी. पण प्रत्येक प्रजातीचे वर्णन करताना संशोधकांना पात्याचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे थर मोजावेच लागले. आकाराला रजा देता येत नाही, ते असे.

शैवालाचा डीएनए काढणे हेही सोपे काम नाही. तपकिरी शैवालात अल्जिनेट आणि पॉलिफेनॉल भरपूर. ती डीएनएसोबतच उतरतात, द्रावण बुळबुळीत होते आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, अडते. म्हणून कोवळा शेंडा निवडतात, त्याच्यावर चिकटलेले इतर जीव पुसून काढतात आणि तो सिलिका जेलमध्ये झटपट वाळवतात. तेच शैवाल कागदावर पसरून, दाबून हर्बेरियममध्येही ठेवतात. हा दुसरा नमुना नसेल, तर मिळालेला क्रम नेमका कोणाचा हे नंतर ताडून पाहता येत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर, मालवणसारख्या खडकाळ भागांत, सरगॅसम हे असेच रूप बदलणारे तपकिरी शैवाल उगवते. एकाच झुडपावर बुडाची पाने रुंद आणि शेंड्याची अरुंद असू शकतात. ऋतूनुसारही ती बदलतात. त्यामुळे वाहून आलेल्या एका फांदीवरून प्रजाती सांगणे जोखमीचे. बुडाचा होल्डफास्ट, फुगे आणि प्रजननाच्या फांद्या, असा सगळा नमुना हाती यावा लागतो, आणि सोबत सिलिका जेलच्या पुडीत एक कोवळे पान.